माळवद ते स्लॅब

देगलुरातल्या आमच्या जुन्या घराला माळवद होतं. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर. बोललेलं तिथंच जिरायचं. पंचवीस वर्षांपूर्वी सोसायटीत आलो. स्लॅब, फरशी, गुळगुळीत भिंती. वडील सारखं "काय म्हणलास?" विचारायचे. बहिरे झाले समजून आम्ही ओरडायचो. ते बोलेनासेच झाले. तपासलं तर कान ठीक निघाले. घुमत होती ती खोली! कडक भिंती आवाज परतवतात, शब्दात शब्द मिसळतो. सतरंजी अंथरली, जाड पडदे लावले, पुस्तकांचं कपाट बैठकीत आणलं. वडील पुन्हा गप्पांत आले. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. घरातलं घुमणं मात्र आपणच आवरायचं. आता दुरुस्त्या काढाल, तेव्हा रिकाम्या खोलीत आधी एक टाळी वाजवून बघा.