लुंबिनीला जाताना व्हिसा विकत घ्यावा लागतो का?

भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. आधी काढावा लागत नाही आणि सीमेवर पोहोचल्यावर विकतही घ्यावा लागत नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण मागच्या हिवाळ्यात नवीन जालन्यातील एका विहारात वाटलेल्या धम्मसहलीच्या पत्रकात माणशी खर्चाच्या यादीत ‘व्हिसा शुल्क’ अशी स्वतंत्र ओळ होती. चौकशी केल्यावर संयोजक म्हणाले, "परदेश आहे, लागतोच ना!" फसवण्याचा हेतू होता की अज्ञान, हे मी ठरवत नाही. पण धुणीभांडी करून पैसे जमवणाऱ्या उपासिकांनी ती रक्कम मुकाट्याने भरली होती.

गोंधळ होतो तो ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ या शब्दामुळे. याचा अर्थ, त्या देशात उतरल्यावर विमानतळावर किंवा सीमेवरच पैसे भरून मिळणारा व्हिसा. नेपाळ तो देतो, पण इतर देशांच्या पर्यटकांना. त्याचे दर 15 दिवसांना 30 डॉलर, 30 दिवसांना 50 आणि 90 दिवसांना 125 डॉलर असे आहेत. यूट्यूबवर परदेशी प्रवाशांचे व्हिडिओ पाहून हाच दर आपल्यालाही लागू आहे असे अनेकांना वाटते. भारत आणि नेपाळ यांच्यात 31 जुलै 1950 रोजी झालेल्या शांतता व मैत्री करारापासून दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे ये-जा करण्याची मोकळीक आहे. नोव्हेंबर 1956 मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, तेव्हाही हा करार लागू होता.

मात्र व्हिसा नको याचा अर्थ कागद नको असा नाही, आणि आपली माणसं खरी अडकतात ती इथेच. नेपाळसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र ही भरवशाची कागदपत्रे आहेत. आधार कार्ड फक्त 15 वर्षांखालील मुलांना आणि 65 वर्षांवरील ज्येष्ठांना चालते. मधल्या वयाच्या माणसाला नुसते आधार पुरत नाही. 15 ते 18 वयाच्या विद्यार्थ्यांसाठी मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र चालते. कुटुंब एकत्र जात असेल आणि एका प्रौढाकडे योग्य कागद असेल, तर बाकीच्यांना फोटो असलेले एखादे ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा यावर जाता येते. विमानाने जाणाऱ्या प्रौढाने मात्र स्वतःचा पासपोर्ट किंवा मतदार कार्डच सोबत ठेवावे.

सोनौलीच्या नाक्यावर कित्येक माणसं काहीही न दाखवता पायी इकडून तिकडे जातात. "आम्ही गेलो, कुणी विचारलं नाही," असे सांगणारे प्रत्येक वस्तीत भेटतील. पण ज्या दिवशी विचारतात त्या दिवशी जालन्याहून दोन-तीन दिवसांचा प्रवास करून आलेली बाई सीमेच्या अलीकडेच राहते. लुंबिनी तिथून जेमतेम पंचवीसेक किलोमीटर असते.

आमच्या त्या सहलीतल्या एका 61 वर्षांच्या मावशींकडे फक्त आधार होते. त्यांचे मतदार यादीतले नाव मंठा तालुक्यातल्या गावी होते, कामासाठी शहरात आल्यावर मधल्या काळात ते वगळले गेले, आणि जुने कार्ड पुरात गेले. म्हणजे मतदानाचा हक्क गेला तो गेलाच, वर लुंबिनीही गेली असती. आम्ही त्यांचा नमुना 6 भरला. यादीत नाव असेल आणि पत्ता बदलायचा, चूक दुरुस्त करायची किंवा हरवलेले कार्ड पुन्हा हवे असेल, तर नमुना 8 भरायचा. कार्ड हातात यायला वेळ लागतो. मावशी त्या गाडीने जाऊ शकल्या नाहीत, पुढच्या गाडीने गेल्या. विहारात काम करणाऱ्या तरुणांनी सहलीच्या तीन-चार महिने आधीच यादी घेऊन बसावे. ज्यांना थायलंड, श्रीलंकेलाही जायचे आहे त्यांनी सरळ पासपोर्टच काढावा. 36 पानांच्या नव्या पासपोर्टचे साधे शुल्क 1500 रुपये आहे.

संयोजकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतीय बस नेपाळमध्ये न्यायची तर सीमेवर भन्सार, म्हणजे जकात, आणि गाडीचा परवाना यांचे पैसे दिवसाच्या हिशोबाने खरेच भरावे लागतात. तो खर्च सगळ्यांत वाटून घेणे रास्त आहे. फक्त त्याचे नाव त्याच्या नावानेच लिहावे आणि पावती दाखवावी.

पैशांचेही बघून ठेवा. 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. डिसेंबर 2018 मध्ये नेपाळने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. पुढे नियम बदलत राहिले, म्हणून शंभराच्या नोटा जवळ असलेल्या बऱ्या.

परदेशात स्थायिक होऊन तिथले नागरिकत्व घेतलेले आपले नातेवाईक सोबत येणार असतील, तर त्यांना मात्र व्हिसा लागतो. ओसीआय कार्ड असले तरी ते भारतीय नागरिक नाहीत, त्यामुळे त्यांना वर दिलेल्या डॉलरच्या दराने व्हिसा घ्यावा लागेल. ज्यांच्याकडे ओसीआय नाही आणि जे भारताच्या ई-व्हिसावर आले आहेत, त्यांनी नेपाळमधून कोणत्या नाक्याने परत येता येईल हे निघण्यापूर्वीच तपासावे. आपल्याकडे येणाऱ्यांचे गणित उलटे आहे. अजिंठा पाहायला येणाऱ्या थायी किंवा श्रीलंकेच्या भिक्खूंना भारतात उतरल्यावर व्हिसा मिळत नाही, आधीच काढून यावे लागते. ती सोय जपान, दक्षिण कोरिया आणि काही अटींवर संयुक्त अरब अमिरातीच्या नागरिकांनाच आहे.

लुंबिनीचा अशोकस्तंभ पाहताना त्यावर काय कोरले आहे ते गाईडला जरूर विचारा. भगवान बुद्धांचा जन्म इथे झाला म्हणून सम्राटाने या गावाचा ‘बलि’ हा कर माफ केला आणि पिकातला हिस्सा आठव्या भागावर आणला, अशी ती नोंद आहे. आमच्या सहलीतल्या बायकांना ‘व्हिसा शुल्क’ परत मिळाले ते जालन्याला परतल्यावर, तेही दोनदा विचारल्यानंतर.