चौसष्ट घरं आणि प्रोसेसरची लढाई

वसईत इतिहासावर बोलायचं तर किल्ल्याला वळसा घालून जाता येत नाही. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, ती नुसत्या तोफांच्या जोरावर नाही. तटाखाली सुरुंग लावावे लागले, तेव्हा बुरूज कोसळला. आजचा विषयसुद्धा ताकद आणि युक्ती यांच्या हिशेबाचाच आहे. मैदान तेवढं चौसष्ट घरांचं.

घरातलं मूल बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळू लागलं की पालक विरार लोकल पकडून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोडवर जातात. दुकानदार गिगाहर्ट्झ सांगतो, कोअर सांगतो. मग प्रश्न येतो : बुद्धिबळाच्या प्रोग्रामसाठी इंटेल घ्यावा की एएमडी? फरक कधी कधी वीस-तीस हजारांचा असतो, आणि नोकरदार घरात ही रक्कम लहान नाही. म्हणून उत्तराआधी थोडा इतिहास बघू.

सुरुवात आपल्या पुण्यापासून करू. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला. त्यात एकच राक्षसी प्रोसेसर नव्हता. इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या चिप एकमेकींना जोडलेल्या होत्या. एकट्याला जमत नाही ते अनेकांनी वाटून करायचं, ही कल्पना.

जर्मनीतल्या पाडरबॉर्न इथल्या मंडळींनी याच जातीच्या चिप वापरून ‘त्सुगत्स्वांग’ हा बुद्धिबळाचा प्रोग्राम उभा केला. 1992 च्या माद्रिदच्या संगणक-बुद्धिबळ विश्वस्पर्धेत तो दुसरा आला. मग पहिला कोण? एड श्रोडर या डच प्रोग्रामरचा ‘चेसमशीन’. तो साध्या पीसीत खोचायच्या एका कार्डावर चालत होता आणि त्या कार्डावर एकच छोटा एआरएम प्रोसेसर होता. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये जी चिप आहे ना, तिचाच हा पूर्वज!

असं का झालं? हवामानाच्या गणितात नकाशाचे तुकडे पाडून काम वाटता येतं. बुद्धिबळात तसं सरळ वाटप होत नाही. एक खेळी नीट तपासली की कळतं, बाकीच्या बऱ्याच खेळ्या बघायची गरजच नाही. सगळ्यांना एकदम कामाला लावलं तर बरेच जण नको असलेलं काम करत बसतात. दहा प्रोसेसर म्हणजे दहापट वेग, हा हिशेब इथे चुकतो. कोअरची संख्या ऐकताना हे लक्षात ठेवा.

पुढे 1995, हाँगकाँग. आयबीएमच्या ‘डीप ब्लू’चा प्राथमिक अवतार विश्वस्पर्धेत उतरला होता. 90 मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर चालणाऱ्या ‘फ्रिट्झ’ने त्याला हरवलं आणि अजिंक्यपदही नेलं. पण ताकदीला कमी लेखू नका. दोनच वर्षांनी, मे 1997 मध्ये, न्यूयॉर्कला डीप ब्लूने कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं. त्यात बुद्धिबळासाठीच घडवलेल्या 480 चिप होत्या आणि सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासल्या जात होत्या.

1998 मध्ये वेळ आली आपल्या आनंदची. श्रोडरचाच ‘रिबेल’ हा प्रोग्राम, प्रोसेसर एएमडीचा के6-2. आठ डावांत रिबेल 5-3 असा जिंकला. मथळा एवढाच झाला, पण आत बघा. रिबेलची आघाडी झटपट डावांतली होती. पूर्ण वेळेचे जे दोन डाव झाले त्यांत आनंद दीड विरुद्ध अर्ध्या गुणाने सरस ठरला. म्हणजे प्रोसेसरचा वेग किती कामी येतो, हे घड्याळावरही अवलंबून असतं.

आता खरी गंमत. बुद्धिबळाच्या पटावर घरं 64. ‘पांढरी प्यादी कुठे आहेत?’ हे संगणकाला सांगायचं तर 64 खुणांची एक ओळ पुरते : प्यादं आहे तिथे एक, नाही तिथे शून्य. याला बिटबोर्ड म्हणतात. पण घरातले पीसी तेव्हा 32 बिटांचे होते, त्यामुळे पट दोन तुकड्यांत ठेवावा लागे. 2003 मध्ये एएमडीने ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन 64 आणले आणि अख्खा पट एका रजिस्टरमध्ये मावला. दुसऱ्याच वर्षी इंटेलनेही तीच पद्धत आपल्या चिपमध्ये घेतली. चिप काही बुद्धिबळासाठी केलेली नव्हती, पण जोडा नेमका पायाला बसला.

मग लढाई आणखी बारीक झाली. 2013 मध्ये इंटेलच्या हॅसवेल चिपमध्ये ‘पेक्स्ट’ नावाची सूचना आली. हत्ती किंवा उंट कुठवर जाऊ शकतो, हे काढायला ती फार सोयीची. एएमडीच्या पहिल्या रायझन चिपमध्येही ती होती, पण इतकी मंद की न वापरलेली बरी. 2020 च्या झेन 3 पासून तीही वेगवान झाली. त्याच वर्षी ‘स्टॉकफिश 12’मध्ये छोटं न्यूरल नेटवर्क आलं आणि एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या व्हेक्टर सूचनांना महत्त्व आलं. प्रोग्राम बदलला, तशी चांगल्या प्रोसेसरची व्याख्याच बदलली.

तर मंडळी, ‘इंटेल की एएमडी’ याचं कायमचं उत्तर नाही. पण तपासायची रीत आहे. स्टॉकफिशमध्ये ‘बेंच’ नावाची आज्ञा आहे, ती सेकंदाला किती स्थिती तपासल्या ते सांगते. दोन्ही यंत्रांवर प्रोग्रामची आवृत्ती तीच ठेवा, पण प्रत्येक प्रोसेसरला साजेशी फाइल घ्या. जुन्या रायझनवर पेक्स्ट वापरणारी फाइल चालवलीत तर चांगलं यंत्रही उगाच मागे पडेल. लॅपटॉप असेल तर दहा-पंधरा मिनिटं सलग चालवून बघा. तापल्यावर वेग उतरतो, आणि खोक्यावरचा आकडा थंड यंत्राचा असतो. शिवाय हा आकडा दोन वेगळ्या प्रोग्राममध्ये तोलू नका. एक स्थिती तपासायला प्रत्येक जण वेगवेगळं काम करतो.

आणि पैसे मोजण्याआधी एक गोष्ट आठवा. 2009 मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ 4’ एका मोबाइलवर खेळला आणि त्याने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले. वेग? सेकंदाला वीस हजार स्थितींहूनही कमी. डीप ब्लूच्या हजारो पट कमी! बाकीचं काम प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या युक्तीने केलं होतं.

आज साध्या फोनवरचा स्टॉकफिशसुद्धा कोणत्याही माणसाला भारी आहे. नालासोपाऱ्यातल्या बारा वर्षांच्या मुलीला आपला डाव कुठे फसला हे बघायला तो पुरेसा आहे. महाग यंत्र तीच चूक थोडी लवकर दाखवेल. ती चूक का झाली, हे मात्र तिच्याशेजारी बसून कुणीतरी समजावून सांगावं लागतं. वीस-तीस हजार हातात असतील, तर आधी तो माणूस शोधा.