डेव्हिड फुलदाण्या

डेव्हिड फुलदाण्या : युआन काळातील (१२७१–१३६८) निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फुलदाण्यांची जोडी. उंची सु. ६३ सेंमी. घडण चीनमधील जिंगडेझन येथील.

पांढऱ्या अंगावर कोबाल्टने चित्र काढायचे, वर पारदर्शक झिलई चढवायची आणि एकदाच कडक भट्टी द्यायची, ही यामागची रीत. कोबाल्ट इराणकडून येई. गळ्यावर शेवंतीची वेल व केळीची उभी पाने, त्याखाली फिनिक्स पक्षी, पोटावर ढगांतून झेपावणारा ड्रॅगन आणि दोन्ही बाजूंना हत्तीच्या मस्तकांचे कान, असे हे भरगच्च काम आहे. त्यात कुठेही हात अडखळलेला दिसत नाही.

खरे मोल मात्र केळीच्या पानांमध्ये लिहिलेल्या लेखाचे. जांग वनजिन या भाविकाने १३५१ मध्ये एक धूपदाणी व दोन फुलदाण्या देवळाला वाहिल्या आणि घरादाराचे, मुलाबाळांचे रक्षण व्हावे अशी प्रार्थना केली, असे हा लेख सांगतो. धूपदाणी आजवर मिळालेली नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस निळ्या-पांढऱ्या कामाची परिपक्वता नंतरच्या मिंग काळातली, असे जाणकार मानत. त्यामुळे युआन भांडी मिंग म्हणून खपत, किंवा दुर्लक्षित राहत. अभ्यासक आर. एल. हॉब्सन यांनी १९२९ मध्ये हा लेख प्रसिद्ध केला, तरी त्याचे महत्त्व पटायला दोन दशके गेली. १९५० च्या दशकात अभ्यासक जॉन पोप यांनी या जोडीशी ताडून इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील व इराणमधील अर्देबिलच्या संग्रहातील युआन भांडी ओळखली. त्यांचा शोध लागला तो असा, जमीन न खणता. २००५ मध्ये लंडनच्या लिलावात युआन काळातील एका रंजणाला सुमारे १.५७ कोटी पौंड मिळाले. या कालनिश्चितीशिवाय एवढी किंमत आली नसती.

ताटातूट झालेली ही जोडी वेगवेगळ्या संग्राहकांकडून घेऊन पुन्हा एकत्र आणणारे सर पर्सिव्हल डेव्हिड (१८९२–१९६४) जन्माने मुंबईकर. गिरणीमालक सर ससून डेव्हिड यांचे ते पुत्र. २०२४ मध्ये त्यांच्या न्यासाने या जोडीसह सुमारे १,७०० वस्तूंचा त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला कायमचा देऊ केला. किंमत सुमारे १ अब्ज पौंड. लंडनला जाणाऱ्या वाचकाने या म्युझियममधील ९५ क्रमांकाचे दालन चुकवू नये. प्रवेश विनामूल्य आहे.