तुआन गुरूंचं बेट

केपटाऊनच्या बंदरातून लाँच सुटली तेव्हा बरोबरच्या प्रवाशांच्या तोंडी एकच नाव होतं, नेल्सन मंडेला. ते साहजिकच आहे. मंडेलांच्या सत्तावीस वर्षांच्या कैदेपैकी अठरा वर्षं, १९६४ ते १९८२, रॉबेन बेटावर गेली. आमच्या मनात मात्र दुसरा एक कैदी होता. तो मंडेलांच्या एकशे चौऱ्याऐंशी वर्षं आधी इथे आणला गेला आणि सुटल्यावर त्यानं मदरसा काढला. आम्हा मास्तर लोकांना त्याची ओढ वाटणारच.

केपटाऊनला आम्ही गेलो ते नात्यापोटी. कोकणी मुसलमानांना हे शहर परकं नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोकणपट्टीतून माणसं तिकडे गेली, दुकानं थाटली, तिथलीच झाली. ज्या घरी उतरलो तिथली मुलं इंग्रजीत बोलत होती. म्हाताऱ्या दादींना मात्र कोकणी येत होती, आणि आम्ही बोलू लागताच त्यांनी पहिली चौकशी केली ती गावच्या मशिदीची.

बेट जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. सपाट, वाऱ्याचं, खुरट्या झुडपांचं. डच भाषेत ‘रॉब’ म्हणजे सील मासा, त्यावरून हे नाव पडलं. (सील काही मासा नव्हे, हे विज्ञानाचे शिक्षक लगेच सांगतील.) इथला तुरुंग १९९६ मध्ये कायमचा बंद झाला, १९९७ मध्ये संग्रहालय झालं आणि १९९९ मध्ये बेटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तुरुंग दाखवायला पूर्वीचे राजकैदीच पुढे होतात. आपण ज्या कोठडीत डांबले गेलो तिचंच दार परक्यांसाठी रोज उघडायचं, याला केवढं काळीज लागत असेल!

किनाऱ्याच्या झुडपांत पेंग्विन दिसतात. ओरडणं थेट गाढवासारखं! डच खलाशांनी मांसासाठी आणि अंड्यांसाठी त्यांची एवढी लूट केली की १८०० च्या सुमारास बेटावर एकही उरला नाही. १९८३ मध्ये ते आपणहून परतले. त्या वेळी तुरुंग चालूच होता. आता त्यांना संरक्षण आहे, तरीही २०२४ मध्ये आफ्रिकन पेंग्विनची नोंद अतिधोक्यातल्या जातींत करावी लागली.

तुरुंगाला लागूनच हिरव्या घुमटाची एक मजार आहे. सय्यद अब्दुर्रहमान मोतुरू यांची. इंडोनेशियाच्या मदुरा बेटावरून डचांनी त्यांना हद्दपार केलं आणि १७५४ मध्ये ते इथेच वारले. अशा मजारीला तिकडे ‘क्रामत’ म्हणतात, म्हणजे आपला ‘करामत’ हा शब्द. घुमट १९६९ मध्ये बांधला गेला, ऐन वर्णद्वेषाच्या अमलात. आम्ही फातिहा पढलो.

आणि आता आमचा कैदी. इमाम अब्दुल्लाह बिन काझी अब्दुस्सलाम, तिदोर बेटाच्या राजघराण्यातले. इंग्रजांशी संगनमत केल्याच्या आरोपावरून डचांनी त्यांना १७८० मध्ये केपला आणून या बेटावर टाकलं. जवळ कुराणाची प्रत नव्हती, पण ते हाफिज होते. त्यांनी कुराण आठवणीतून लिहून काढलं. १७८१ मध्ये अकीदा आणि फिक्हवर सहाशेहून अधिक पानांचा ‘मआरिफतुल इस्लाम वल ईमान’ हा ग्रंथ लिहिला, अरबीत आणि अरबी लिपीतल्या मलायूत. त्यांच्या हातची कुराणाची प्रत केपटाऊनच्या अव्वल मशिदीत जपलेली आहे. बेटावरच्या शेवटच्या पेंग्विनांचं ओरडणं त्यांच्या कानी पडलंच असेल.

सुटका झाल्यावर १७९३ मध्ये त्यांनी डॉर्प स्ट्रीटवर मदरसा काढला आणि पुढच्याच वर्षी अव्वल मशीद उभी राहिली. विद्यार्थी कोण? गुलाम आणि गुलामीतून सुटलेले. केपच्या गुलामांत बंगालची माणसं होती, मलबारची होती, इंडोनेशियाची, मादागास्करची होती. ही मंडळी आपल्या शिक्षकाला ‘तुआन गुरू’ म्हणू लागली. तुआन म्हणजे साहेब, आणि गुरू म्हणजे गुरूच. संस्कृतातून मलायूत गेलेला शब्द एका इमामाला चिकटला आणि कुणाच्या ईमानाला धक्का लागला नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. त्यामुळे दोन्हीकडचे लोक अधूनमधून जाब विचारतात. म्हणून पुढची हकीकत आम्हाला जास्त भिडली. एकोणिसाव्या शतकात या मदरशांतली मुलं मलायू विसरत चालली. स्वयंपाकघरात, बाजारात जी मोडकी डच बोलली जाई, तिलाच पुढे आफ्रिकान्स म्हणू लागले. उस्तादांनी तीच भाषा उचलली आणि अरबी अक्षरांत लिहून दीन शिकवला. उस्मानी आलिम अबू बकर एफेंदींचं त्या भाषेतलं ‘बयानुद्दीन’ हे पुस्तक १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. आफ्रिकान्सच्या अगदी सुरुवातीच्या लेखनात मदरशांच्या या वह्या मोजल्या जातात. पुढे गोऱ्या राज्यकर्त्यांनी तीच भाषा आपली म्हणून मिरवली आणि शाळांतून लादली. तिच्याविरुद्ध १९७६ मध्ये सोवेटोची पोरं रस्त्यावर आली, गोळ्या खाल्ल्या, आणि त्या उठावातले कित्येक तरुण याच रॉबेन बेटावर कैदी म्हणून आले. भाषा तीच. ती गुलामाच्या पोराला आपली वाटली, कारण उस्ताद त्याच्या बोलीकडे चालत गेला होता.

चुनखडीच्या खाणीपाशी बस थांबली. इथे मंडेला, सिसुलू, अहमद कथराडा वर्षानुवर्षं दगड फोडत होते, आणि शिकलेला कैदी न शिकलेल्याला शिकवत होता. १९९५ मध्ये ते सारे परत जमले, एकेकानं एक दगड ठेवला. तो ढीग अजून तिथे आहे.

गावी परतल्यावर सातवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर उर्दूत लिहिलं, ‘तुआन गुरू’. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, गुरू तो मराठी शालावाले बोलते हैं ना?”