आहारमापनातील प्रश्न आणि त्याची कसोटी : यावल तालुक्याच्या संदर्भात

मनुष्य काय व किती खातो हे जाणण्याचे मार्ग मुख्यतः दोन. ताटात पडणारे अन्न तोलून पाहणे हा पहिला. खाणाऱ्यास विचारणे हा दुसरा. पहिला खर्चाचा आणि घरच्या व्यवहारात व्यत्यय आणणारा असल्यामुळे बहुतेक पाहण्यांचा भार दुसऱ्यावर पडला आहे. तथापि, मिळालेले उत्तर आणि प्रत्यक्ष सेवन यांत अंतर किती, हे ठरविण्याची कसोटी पुष्कळ उशिरा निर्माण झाली.

यावल तालुका ज्या खानदेशात मोडत होता, त्यावरील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या जातींच्या अन्नाचे वर्णन त्यात आढळते. परंतु ‘अमुक लोक अमुक खातात’ हे विधान रीतीचे होय, परिमाणाचे नव्हे.

परिमाणाचा मोठा प्रयत्न झाला तो इलाख्याच्या राजधानीत. मुंबईच्या कामगार कचेरीने १९२१–२२ मध्ये २,४७३ कामगार कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या पुरुषांचे जमाखर्च गोळा केले. फिंडले शिरास यांच्या १९२३ च्या अहवालाने त्यातील धान्याचे प्रमाण दुष्काळ संहितेतील कमाल शिध्याशी आणि तुरुंगातील शिध्याशी ताडून पाहिले. कामगाराचे धान्य दुष्काळ संहितेच्या कमाल प्रमाणाइतके, पण कैद्याच्या शिध्याहून कमी, असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष विदारक खरा. पण या तुलनेने अन्न पुरेसे आहे की नाही एवढेच कळते. सांगितलेला आकडा खरा आहे की नाही, हा प्रश्न निराळा, आणि तो येथे अस्पर्शित राहिला.

त्या प्रश्नास हात घातला तो महालनोबीस आणि सेन यांनी. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाल्यावर पश्चिम बंगालमध्ये काही कुटुंबांना गेल्या आठवड्याचा व काहींना गेल्या महिन्याचा खप विचारण्यात आला. आठवड्याच्या प्रश्नावरून निघणारा खप अधिक भरला. प्रत्यक्ष तोलून पाहता महिन्याचे उत्तर सत्यास अधिक जवळचे ठरले. हे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. ताजी आठवण अधिक खरी, हा सामान्य समज येथे टिकला नाही. पुढे १९९९–२००० च्या फेरीत अन्नाविषयी सात व तीस दिवसांचे प्रश्न एकाच कुटुंबास विचारले गेले. त्यामुळे आधीच्या फेऱ्यांशी तुलना दुष्कर झाली आणि देशातील दारिद्र्य किती घटले याचा वाद उभा राहिला. प्रश्नाची कालमर्यादा बदलताच गरिबांची संख्या बदलते, हे त्या वादाचे मर्म होय.

व्यक्तीच्या सेवनाकडे वळल्यास, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण निरीक्षण संस्थेने घरातील अन्न तोलण्याबरोबरच चोवीस तासांच्या आठवणीची पद्धत वापरली. शिजलेल्या अन्नाचे माप ठरीव वाट्यांनी घेतले जाई. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३–९६ या काळात झालेल्या मातृपोषण अभ्यासात या पद्धतीस ‘किती वेळा खाता?’ या प्रश्नावलीची जोड दिली गेली. पालेभाज्या, फळे व दूध यांच्या सेवनाचा नवजात अर्भकाच्या आकाराशी संबंध त्यातून दिसून आला.

या पद्धती यावलमध्ये जशाच्या तशा लावता येतील काय? येथे कसोटी केवळ तराजूची राहत नाही, शब्दांचीही होते. ‘भाकरी’ हे उत्तर ज्वारी म्हणून नोंदले, आणि ती कळण्याची असली, तर तिच्यात दळलेला उडीद गणनेतून निसटतो व प्रथिनांचा आकडा उणा पडतो. ‘जेवण’ विचारल्यास बागेत उभ्याने खाल्लेले केळे उत्तरात येईलच असे नाही, कारण ते जेवण नव्हे. ‘आज उपास आहे, काही खाल्ले नाही’ असे सांगणाऱ्याने साबुदाणा आणि शेंगदाणे खाल्लेले असतात; त्याच्या भाषेत ते असत्य नसते. बामणोदच्या वांग्यांचे भरीत हिवाळ्यात वारंवार होते. त्या ऋतूतील एक दिवस वर्षाचा प्रतिनिधी होऊ शकत नाही. शिवाय लेवा बोली, अहिराणी, तडवी, पावरी अशा बोली जेथे शेजारी नांदतात, तेथे एकच छापील प्रश्न सर्वांस एकच अर्थ देईल, हे गृहीत धरता येत नाही.

सर्वांत अवघड उत्तर बहुधा घरातील स्त्रीचे. सर्वांस वाढून झाल्यावर भांड्यात उरेल ते तिचे अन्न. त्यास वाटीचे माप नसते. कुटुंबाच्या एकूण खपास माणसांच्या संख्येने भागल्यास तिचा तुटवडा सरासरीत बुडून जातो. मूत्रातील नायट्रोजन आणि चिन्हांकित पाणी यांच्या साहाय्याने प्रथिनांच्या व उष्मांकांच्या नोंदी आता पडताळता येतात. पण ताटात काय होते हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी विचारावेच लागते.

म्हणून मुलाखतपद्धतीची प्रमाणता ही एकदा मिळवून सर्वत्र वापरण्याची वस्तू नव्हे. ती प्रत्येक प्रदेशात, तेथील ऋतूंत आणि तेथील बोलीत नव्याने सिद्ध करावी लागते. या सिद्धीवाचून निघालेल्या आकड्यांत सर्वांत कमी खाणारी व्यक्तीच सर्वांत आधी दिसेनाशी होते.