एएलएसच्या निदानात सुईची साक्ष

एएलएस म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जाण्याचा आजार. त्याचे चित्र जाँ-मार्तँ शार्को यांनी 1869 ते 1874 या काळात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात स्पष्ट केले, ते रोग्यांच्या निरीक्षणातून आणि शवविच्छेदनातून. वीज तेव्हा नवखी नव्हती. द्युशेन यांनी ओले इलेक्ट्रोड त्वचेवर टेकवून एकेक स्नायू आकुंचित करून दाखवला होता. चेता निकामी झालेला स्नायू विजेला वेगळाच, संथ प्रतिसाद देतो, हे एर्ब यांनी 1868 मध्ये नोंदवले. पण बाहेरून धक्का देऊन प्रतिसाद पाहणे आणि स्नायूत आपोआप काय चालले आहे ते ऐकणे यांत फरक आहे. त्यासाठी 1929 उजाडावे लागले. एड्रियन आणि ब्राँक यांनी पोकळ सुईत बारीक तार बसवली आणि स्नायूतली वीज लाऊडस्पीकरवर ऐकू येऊ लागली. माझ्या मते खरा इतिहास इथून सुरू होतो, कारण सुईच्या साक्षीला किती वजन द्यायचे हे ठरायला आणखी पाऊण शतक गेले.

1938 मध्ये डेनी-ब्राऊन आणि पेनीबेकर यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. फॅसिक्युलेशन म्हणजे एका चेतापेशीच्या ताब्यातल्या तंतूंची एकत्र फडफड; ती त्वचेवरून दिसते. फिब्रिलेशन एकट्या, चेता गमावलेल्या तंतूचे. ते डोळ्यांना दिसत नाही, सुईलाच कळते. स्पीकरवर ते पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांसारखे वाजते. पुढे निदानाच्या निकषांत फिब्रिलेशनला मान मिळाला, फडफडीला दुय्यम जागा. जपानमधल्या आवाजी बेटावर 2006 मध्ये तज्ज्ञांनी हे बदलले: स्नायूत चेताहानीच्या जुन्या खुणा असतील, तर फडफडही तितकाच भक्कम पुरावा. सुई तीच राहिली, निदान मात्र काही रोग्यांना लवकर मिळू लागले.

फडफड तर निरोगी माणसाच्या पोटरीतही होते, असा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ती एकटी पुरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: सुईला फक्त खालच्या चेतापेशींची हानी कळते, मेंदूतल्या वरच्या पेशींची नाही, मग अनुभवी डॉक्टरचे हात पुरेसे नाहीत का? हाताला जे सशक्त वाटते त्या स्नायूतही सुईला हानी सापडते, हे एक उत्तर. त्याहून मोठे उत्तर सुईच्या जोडीने होणाऱ्या चेतावहनाच्या तपासणीत आहे. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी वरवर एएलएससारखीच दिसते, पण तिच्यात अनेकदा चेतेच्या वाटेत संदेश अडतो, आणि तो अडथळा या तपासणीत सापडतो. त्या रोग्याला इम्युनोग्लोब्युलिनच्या उपचाराने हाताची ताकद परत मिळू शकते.