'झुबेदा' म्हणजे लोण्याचा लहानसा गोळा! बगदादचं हे नाव गिरगावच्या पडद्यावर कसं आलं?

गावोगावी झुबेदाबी, झुबेदाआपा सापडतात. कुणाची आजी, कुणाची चाची. पण या नावाचा अर्थ विचारला तर बहुतेक जण गप्प बसतात. अर्थ मात्र आपल्या घरातलाच आहे. ताक घुसळल्यावर वर येतं ते लोणी.

नावाचा अर्थ काय?
अरबी भाषेत 'झुब्द' म्हणजे लोणी आणि 'झुब्दा' म्हणजे साय, एखाद्या गोष्टीतला सगळ्यात चांगला भाग. त्यावरून लाडाचं, लहानपणाचं रूप झालं 'झुबैदा', म्हणजे लोण्याचा छोटा गोळा. अरबीत नाव लहान करण्याची ही ठरलेली पद्धत आहे. 'हसन'वरून 'हुसेन' हे नाव तसंच झालं. आपल्याकडे 'नवनीत' हे नाव ठेवतात, त्याचाही अर्थ ताजं लोणी. एक संस्कृतातून आलं, एक अरबीतून, अर्थ एकच.

पहिली प्रसिद्ध झुबेदा कोण?
बगदाद शहर वसवणारा खलिफा अल मन्सूर याची ही नात. लहानपणी ती गोरी, गुबगुबीत होती म्हणून आजोबा लाडाने तिला 'झुबैदा' म्हणायचे, असं जुने इतिहासकार लिहितात. खरं नाव मागे पडलं आणि लाडाचं नाव कायमचं झालं. पुढे तिचं लग्न खलिफा हारून अल रशीद याच्याशी झालं. अरबी सुरस गोष्टी वाचलेल्यांना हा राजा ओळखीचा आहे.

पण नावाला मान मिळाला तो पाण्यामुळे. इराकमधल्या कूफा गावाहून मक्केला जाणारी हजची वाट वाळवंटातून जाते. हजारापेक्षा जास्त किलोमीटरचा हा रस्ता. झुबेदाने या वाटेवर विहिरी, हौद आणि मुक्कामाच्या जागा बांधून घेतल्या. मक्केत पाण्याची टंचाई होती, तिथे कालव्याने पाणी आणलं. इ.स. ८३१ मध्ये ती वारली. ती वाट आजही 'दर्ब झुबैदा', म्हणजे झुबेदाची वाट, म्हणून ओळखली जाते. टँकरची वाट बघणाऱ्या गावाला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेल्या बारवा आणि घाट आपण जसे आठवतो, तशीच तिकडे झुबेदाची आठवण काढली जाते.

गिरगावशी काय संबंध?
१४ मार्च १९३१. मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. भारतातला हा पहिला बोलपट. तोवर पडद्यावरची माणसं फक्त ओठ हलवायची. त्या दिवशी ती बोलली, गायली. गर्दी इतकी झाली की आवरायला पोलीस बोलवावे लागले. या बोलपटाची नायिका होती झुबेदा.

तिचा जन्म १९११ चा, सुरतचा. आई फातमा बेगम ही भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक मानली जाते. 'आलम आरा'चे दिग्दर्शक होते अर्देशिर इराणी. मास्टर विठ्ठल आणि पृथ्वीराज कपूर यांनीही त्यात काम केलं. स्टुडिओजवळून रेल्वे जायची. गाड्यांचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून बरंचसं शूटिंग रात्री करावं लागलं.

सिनेमाचं नावही समजून घेण्यासारखं आहे. 'आलम' हा अरबी शब्द, अर्थ जग. आपण 'आलम दुनिया' म्हणतो तोच. 'आरा' हा फारसी शब्द, अर्थ सजवणारी. आलम आरा म्हणजे जगाची शोभा.

आज 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही. काही फोटो तेवढे उरलेत. मॅजेस्टिक सिनेमाही गेला. झुबेदा १९८८ मध्ये मुंबईत वारली. तिचा आवाज आता ऐकता येत नाही, पण पहिल्या बोलपटाची नायिका म्हणून नाव कायम आहे.

गल्लत करू नका
२००१ मध्ये आलेला श्याम बेनेगल यांचा 'झुबेदा' हा सिनेमा या झुबेदावर नाही. तो जोधपूरच्या महाराजांशी लग्न केलेल्या दुसऱ्या झुबेदा बेगमवर आहे. त्यात काम करणारी करिश्मा कपूर मात्र 'आलम आरा'तल्या पृथ्वीराज कपूर यांची पणती.

झुबेदा की जुबेदा?
मूळ उच्चार 'जवळ' या शब्दातल्या 'ज'च्या जवळ जाणारा आहे, 'जीव'मधल्या 'ज'सारखा नाही. म्हणून मराठीत कुणी 'झ' लिहितं, कुणी 'ज'. अरबीत 'झुबैदा', तर आपल्याकडे बोलताना 'झुबेदा' होतं. अर्थाच्या दृष्टीने सगळी रूपं एकच. सरकारी कागदाला मात्र ती वेगवेगळी माणसं वाटतात. जन्मदाखल्यावर झुबेदा, शाळेच्या दाखल्यावर जुबेदा, आधारवर झुबैदा असं झालं की शिष्यवृत्ती, पेन्शन, वारस नोंद अशा कामांना खीळ बसते.

म्हणून मुलीचं नाव ठेवताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग घरात आधी ठरवावीत आणि जन्मनोंदीपासून तीच लावावीत. नाव अधिकृतपणे बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात तसं छापून घेता येतं. हे काम शासकीय मुद्रण विभागाचं. त्याचं कार्यालय गिरगावला लागूनच, चर्नी रोडला आहे. पण तिथवर जायची गरज नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो.